अर्धी ट्रॉली

ट्रॅक्टर भाड्यानं सांगायला आलेला माणूस आधी एचपी विचारतो. पन्नासचा आहे का, पंचेचाळीसचा आहे का. खाली वाईच्या ऊस-हळदीच्या काळ्या रानात हा प्रश्न बरोबर आहे. तिथं खोल नांगरट करायची तर इंजिनात जोर लागतो. पसरणी घाट चढून पाचगणी-भिलारच्या अंगाला आलं की तोच प्रश्न निरर्थक होतो. इथं इंजिन क्वचितच कमी पडतं. कमी पडते ती चाकाची जमिनीवरची पकड. माझा चाळीस एचपीचा ट्रॅक्टर चढावर अडकतो तेव्हा इंजिन बंद पडत नाही. चाकं जागच्या जागी गरगरतात, मुरूम मागं उडतो आणि शेतकरी बांधावरनं ओरडतो, "आरं, अजून रेस दे की!"

रेस दिली की चाक आणखी खोल जातं, एवढंच होतं. पण ओरडणाऱ्याला ते त्या वेळी पटत नाही.

महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस होतो. वर जांभा, खाली काळा कातळ आणि त्यावर जी काही तांबडी माती आहे ती दगडी ताली घालून उतारावर अडवलेली. स्ट्रॉबेरी याच तालींवर होते. २०१० साली महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला भौगोलिक मानांकन मिळालं. शेणखताची ट्रॉली त्या तालींवर कशी चढते हे मानांकनाच्या कागदात लिहिलेलं नसणार. लागवड पाऊस ओसरता ओसरता, सप्टेंबर-ऑक्टोबरात. म्हणजे खत टाकणं, रोटर मारणं, बेड पाडणं हे सगळं जमीन पुरती वाळायच्या आत. वर्षातली सगळ्यात निसरडी जमीन आणि सगळ्यात घाईचं काम एकाच महिन्यात येतं.

या कामात पडलो तेव्हा बाकीचे ड्रायव्हर करतात तसंच मी करत होतो. नंतर एका प्रशिक्षणात चढाचं गणित कागदावर मांडायला शिकलो आणि डोळे उघडले. तेच गणित इथं ढोबळ आकड्यांत मांडतो.

रस्ता २० टक्के चढाचा धरा, म्हणजे शंभर फूट आडवं गेलं की वीस फूट उंची. अंशांत तो अकराच्या थोडा वर येतो. ऐकायला काहीच वाटत नाही, पण आमच्याकडच्या बऱ्याच पाणंदी एवढ्याच आहेत. ट्रॅक्टर दोन टनांचा, ट्रॉली मालासकट तीन टनांची. अशा चढावर वजनाचा पाचवा हिस्सा मागं खेचतो, म्हणजे पाच टनांचा एक टन. शिवाय मुरमावरून चाकं लोळवायला अडीचशे किलो. मिळून साडेबाराशे किलोंची ओढ लागली. आता देणी बघा. टू-व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवर सपाटीला सत्तर टक्के वजन असतं. चढावर आणि ट्रॉलीच्या ओढीनं ते आणखी मागं सरकतं, सतराशे किलोंपर्यंत जातं. कोरड्या घट्ट मुरमावर चाक आपल्यावरच्या वजनाच्या निम्मी ओढ देतं. म्हणजे साडेआठशे. साडेबाराशे मागितले आणि साडेआठशे मिळाले, तर ट्रॅक्टर चढेल कसा? आणि इंजिनाचं म्हणाल तर हजार किलोंची ओढ ताशी तीन किलोमीटरनं द्यायला ११-१२ एचपी पुरतात. बाकीचे एचपी टायर झिजवायच्या कामाला.

ट्रॉलीचं मालासकट वजन अर्ध्यावर, दीड टनांवर आणा, की हिशेब साडेआठशेच्या आसपास येऊन टेकतो. आमचे जुने ड्रायव्हर कुठल्याही गणिताशिवाय चढाला अर्धी ट्रॉलीच भरायचे. त्यांना आळशी म्हणणाऱ्यांत एके काळी मीही होतो.

पकड वाढवायचा पहिला उपाय म्हणजे वजन, आणि सगळ्यात स्वस्त वजन पाण्याचं. मागचं चाक जॅकवर घ्यायचं, व्हॉल्व्ह बरोबर वर आणायचा, आतली पिन काढायची आणि नळी लावून पाणी सोडायचं. मधेमधे नळी काढून हवा बाहेर जाऊ द्यायची. पाणी व्हॉल्व्हच्या पातळीला आलं की ट्यूब साधारण पाऊण भरली. उरलेल्या जागेत हवा राहू द्यायची, ती नसली तर टायर दगडावर दबत नाही आणि सगळा हादरा बसणाऱ्याच्या कमरेत येतो. १३.६-२८ च्या टायरात दोनशे लिटरच्या आसपास पाणी मावतं. दोन चाकांचं मिळून चारशे किलो. थंड देशांत पाणी गोठू नये म्हणून त्यात कॅल्शियम क्लोराइड घालतात आणि मग रिम गंजते म्हणून तक्रार करतात. आपल्याला ती कटकट नाही, विहिरीचं पाणी चालतं. तक्रार करतो तो पंक्चरवाला. पाणी भरलेलं चाक खोलायचं म्हटलं की तो दर दुप्पट सांगतो, आणि त्याचं चुकतं असं मला वाटत नाही.

बिडाची वजनंही मी लावतो. पण पाण्याचा एक गुण बिडात नाही. पाणी चाकाच्या खालच्या भागात असतं, त्यामुळं ट्रॅक्टरचा तोल खाली राहतो. उतारावर हे फार मोलाचं.

आता या चारशे किलोंचा हिशेब. कोरड्या मुरमावर ते दोनशे किलोंची जास्तीची ओढ देतात, पण स्वतः वर चढायला शंभर खातात. नफा शंभरचा. त्या शंभरात ट्रॉलीतलं चारशे किलो शेणखत जास्त चढतं. वाईट नाही. पण सरीवर सर येऊन गेली, वरची तांबडी माती भिजली की चाकाची ओढ वजनाच्या पावपटीवर येते. मग चारशे किलो शंभर देतात आणि शंभर खातात. चाकात कितीही पाणी भरा, बंपरवर माणसं बसवा (हे प्रत्यक्षात करतात, आणि हा मूर्खपणा आहे), ओल्या चढावर वजन स्वतःचंच पोट भरतं. हे कागदावर दिसेपर्यंत मला वाटायचं की अजून थोडं वजन टाकलं की काम होईल. वाट वाळायची थांबायला मी त्यानंतर शिकलो.

हवा कमी करण्याचं तसंच दुधारी आहे. मागच्या टायरात १२ पीएसआयच्या आसपास हवा ठेवली की टायर पसरतो, जमिनीला लांब पट्टा चिकटतो, जास्त कंगोरे माती धरतात. ताल नांगरताना मी हेच करतो. पण भरल्या ट्रॉलीनं आडव्या उतारावरून जायचं असेल तर कमी हवेत टायरची भिंत खालच्या अंगाला दुमडते आणि ट्रॅक्टर हेलकावे खातो. हवा फारच कमी असली तर रिम टायरच्या आत सरकते आणि ट्यूबचा व्हॉल्व्ह उपटून निघतो. तेव्हा खताच्या दिवसांत हवा थोडी जास्त, रोटरच्या दिवसांत थोडी कमी. कंप्रेसर घरीच घेतला, ही मला परवडलेली चैन.

ट्रॉलीकडे मात्र कुणी लक्ष देत नाही, आणि अर्धी पकड तिथंच जाते. चारचाकी ट्रॉली आपलं वजन आपणच पेलते, ट्रॅक्टरला फक्त ओढायला लावते. दोनचाकी ट्रॉलीचं पुढचं टोक हुकावर टेकलेलं असतं, त्यामुळं मालाचा थोडा भार ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवर येतो. चढाला ही ट्रॉली बरी. अट एकच, माल पुढच्या अंगाला भरायचा. कारण चढावर तिचा तोल मागं झुकतो. माल मागं रचला असेल तर ट्रॉली हूक वर उचलायला बघते, म्हणजे जिथं भार हवा तिथलाच काढून घेते. भरणारी पोरं फाळका उघडून मागून टोपल्या ओततात आणि तिथंच ढीग करतात. त्यांना पुढं ढकलायला लावणं हे माझं रोजचं भांडण. फार पुढं भरलं तर दुसरं संकट. ट्रॅक्टरचं तोंड हलकं होतं, स्टिअरिंग फिरवलं तरी पुढची चाकं नुसती घासत जातात. मघाच्या हिशेबात मागच्या चाकांवर सतराशे होते, म्हणजे पुढं जेमतेम अडीच-तीनशे उरले. एवढ्या भारावर वळण घेता येत नाही. म्हणून चढाला पुढं बंपरची वजनं लागतात. ती पकडीसाठी नसतात, तोंड जमिनीवर राहावं म्हणून असतात.

तोंड उचलण्याची गोष्ट निघाली की मी नवीन ड्रायव्हरांना हॅरी फर्ग्युसनची हकीकत सांगतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या ट्रॅक्टरांना नांगर मागून नुसता अडकवलेला असायचा. फाळ दगडात अडकला की पुढची चाकं उचलून ट्रॅक्टर मागं चालकाच्या अंगावर यायचा. फर्ग्युसननं अवजार तीन दांड्यांवर आणि हायड्रॉलिकवर असं जोडलं की नांगराची ओढच ट्रॅक्टरला जमिनीवर दाबून धरते. आज आपण ज्याला लिफ्ट आणि टॉप लिंक म्हणतो ते त्याचं देणं. तीस एचपीसुद्धा नसलेले त्याचे छोटे ट्रॅक्टर पट्टे चढवून एडमंड हिलरीनं अंटार्क्टिकावर नेले आणि ४ जानेवारी १९५८ ला दक्षिण ध्रुवावर पोचवले. एचपी विचारणाऱ्याला मी हे ऐकवतो. ऐकतो बिचारा, आणि परत एचपी विचारतो.

पण त्याच टॉप लिंकच्या जागी साखळी अडकवून लाकूड ओढायला लागलं की फर्ग्युसनचं सगळं देणं फुकट. ओढ मागच्या आसाच्या वर गेली की ट्रॅक्टर उभा राहतो आणि सेकंद-दीड सेकंदात उलटतो. क्लच दाबायचं मनात येईपर्यंत वेळ संपलेली असते. ओढायचं ते खालच्या हुकालाच.

हाताचं कसब म्हणून जे आहे ते यानंतर. चढाच्या तळाशीच गिअर ठरवायचा, मधे बदलायचा नाही. डिफरन्शियल लॉक चाक फिरायला लागण्याआधी टाचेनं दाबायचा. फिरत्या चाकावर दाबला तर आतले दात मोडतात, आणि वळणाआधी सोडला नाही तर ट्रॅक्टर वळतच नाही. लॉक नसलेल्या जुन्या गाडीवर फिरणाऱ्या चाकाचा ब्रेक हलका दाबला तरी ओढ दुसऱ्या चाकाकडे जाते. डावा-उजवा ब्रेक वेगळा दिलेला असतो त्याचा हाही उपयोग. रस्त्यावर मात्र दोन्ही पेडल खिटीनं जोडलेले पाहिजेत. आमच्याकडे निम्म्या ट्रॅक्टरांच्या खिट्या गंजून जागेवर चिकटलेल्या असतात.

चाक किती फिरतंय ते नुसत्या नजरेनं कळत नाही, म्हणून मी चुन्यानं मोजतो. टायरवर रेघ मारायची, सपाटीला रिकाम्या ट्रॅक्टरच्या चाकाच्या दहा फेऱ्या मोजायच्या, अंतर साधारण चाळीस मीटर भरतं. मग कामाच्या जागी अवजार लावून पुन्हा दहा फेऱ्या. चौतीस मीटर भरले तर घसरण पंधरा टक्के. मातीत एवढी घसरण चालते, आठ-दहा असली तर उत्तमच. तीसच्या घरात गेली तर डिझेलचा तिसरा हिस्सा माती खरवडण्यात जातोय असं समजायचं. मध्य प्रदेशात बुधनीला केंद्र सरकारची संस्था आहे, तिथं ट्रॅक्टरची ओढ आणि घसरण रीतसर मोजतात. पण ती मोजणी सपाट, टणक जागेवरची. ते आकडे घेऊन आमच्या पाणंदीत येऊ नये.

दुसरा ट्रॅक्टर मी फोर बाय फोर घेतला, आकारानं लहान. मघाचं गणित त्याला लावलं, वजन तेच दोन टन धरलं, तर सगळंच्या सगळं वजन पकडीला येतं, म्हणजे कोरड्यात जवळजवळ हजार किलोंची ओढ. अर्धी ट्रॉली निवांत जाते. भरलेली ट्रॉली त्यालाही जात नाही, हे विकणारा सांगत नाही. पण खरा फरक मला चढताना दिसला नाही, उतरताना दिसला. साध्या ट्रॅक्टरला ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात, आणि उतारावर वजन पुढं येऊन मागची चाकंच हलकी होतात. ब्रेक दाबला की ती थांबतात आणि थांबल्या थांबल्या घसरतात. मागून ट्रॉली ढकलतच असते, कारण आपल्याकडच्या बहुतेक ट्रॉल्यांना ब्रेक नसतातच. फोर बाय फोर घातलेला असला की इंजिनाचा आणि ब्रेकचा अडसर पुढच्या चाकांपर्यंत पोचतो, आणि तिथं तेव्हा भरपूर वजन असतं. बरेच जण चढून झालं की दांडा काढतात. मी उतरून डांबरीला लागेपर्यंत काढत नाही. ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरायचं, आणि क्लचवर पाय ठेवायचा नाही.

पकड वाढली की माणूस वर जातो, हे या धंद्यातलं मोठं भय. पूर्वी चाक फिरायचं आणि ट्रॅक्टर आपोआप थांबायचा. तो इशारा होता. आता फोर बाय फोर, नवे टायर, चाकात पाणी, आणि पोरं थेट वरच्या तालीत पोचतात, जिथं बाजूचा उतार एवढा आहे की खालच्या अंगाचं चाक एका खड्ड्यात गेलं तर ट्रॅक्टर आडवा. आडवं पडणं पकडीनं थांबत नाही. ते चाकांतल्या अंतरावर आणि तोल किती खाली आहे त्यावर ठरतं. रिम उलटी बसवून मागची चाकं मी बाहेर काढून घेतली आहेत, अंतर वाढतं. पण तालीवरनं जाताना काठापासून चार हात आत राहणं हेच खरं. स्वीडननं १९५९ सालीच नव्या ट्रॅक्टरांना डोक्यावरची संरक्षक चौकट सक्तीची केली आणि उलटून मरणारी माणसं तिथं कमी झाली. आमच्याकडे डोक्यावर ताडपत्रीचं छत असतं आणि कोपऱ्यात स्पीकर.

सगळ्यात जास्त पकड मला मिळाली ती ट्रॅक्टरला हात न लावता. पाणंद दुरुस्त करून. आमच्या वाटा पावसाचे ओहोळ आहेत. जून ते सप्टेंबर त्यातून पाणी धावतं, बारीक माती घेऊन जातं आणि मागं सुटे खडे ठेवतं. कोरड्या मुरमाचे हे खडे चाकाखाली बेअरिंगच्या गोळ्यांसारखे फिरतात. तिथं टायर नवा असो की जुना, सारखंच. मग कुदळ-फावडी घेऊन बसायचं. डोंगराच्या अंगाला गटार, ठरावीक अंतरावर वाट तिरकी कापणारे चर, म्हणजे पाणी वाटेवर जोर धरायच्या आत बाहेर पडतं. सुटे खडे झाडून बाजूला, घट्ट मुरूम टाकून त्यावर रिकामी ट्रॉली फिरवायची. सगळ्यात वाईट टप्प्यावर चाकांच्या मापाच्या दोन काँक्रीटच्या चाकोऱ्या, ओल्या असतानाच खराट्यानं आडव्या रेघा मारलेल्या. वळणाला चढ कमी लागतो, तिथं शक्य असेल तर वाट रुंद. आणि शक्य असणं आमच्या हातात नसतं. एक तर वाट तीन भावकीतून जाते, एकानं होकार दिला की दुसऱ्याला बांध सरकल्यासारखा वाटतो. दुसरं म्हणजे २००१ पासून हा सगळा पट्टा इको-सेन्सिटिव्ह झोन आहे. जेसीबी लावून मनाला येईल तसा डोंगर कापता येत नाही, आणि येऊही नये. कापलेला उतार पुढच्या पावसात खालच्याच्या तालीत येऊन बसतो, हे आम्ही पाहिलंय.

चाक फिरतं तेव्हाही असंच होतं. एका जागी गरगरून पडलेली घळ पहिल्या पावसात वीतभर असते, दुसऱ्या पावसात गुडघाभर. जी माती उडते तीच स्ट्रॉबेरीची माती. म्हणून ओल्या दिवसात ट्रॅक्टर घालायला मी नाही म्हणतो. दोन दिवस कोरडं ऊन पडू दे, मग ये म्हणतो. गिऱ्हाईक तुटतं कधीकधी. वरच्या दोन-तीन तालींना मी कोरड्यातही ट्रॅक्टर नेत नाही. तिथं पॉवर टिलर खांद्याखांद्यानं चढवतात, खत डोक्यावरनं जातं, आणि एका म्हाताऱ्याची बैलजोडी अजून आहे. बैलांना डिफरन्शियल नसतं, असं तो मला दर वर्षी ऐकवतो.

आता दराचं. पूर्वी सगळे खेपेवर घ्यायचे, इतक्या खेपांचे इतके. खेपेवर पैसे असले की ड्रायव्हर ट्रॉली भरून घेतो, मालकालाही तेच हवं असतं, आणि मग चाकात पाणी, हुकाची उंची, माल पुढं की मागं, सगळं गणित वाहून जातं. मी तासावर दर लावला. अर्ध्या ट्रॉलीच्या दोन खेपांना वेळ जास्त लागतो, मला पैसे थोडे जास्त मिळतात, आणि शेतकऱ्याची कुरकुर सुरू होते. परवा एक आबा म्हणाले, "तुझा ट्रॅक्टर हळू चालतो आणि मीटर जोरात." मी म्हटलं, "आबा, पाणंदीचं गटार काढून द्या, तासाचे दोन पैसे कमी होतील." त्यांनी दुसऱ्या दिवशी दोन माणसं लावली. भावकीतल्या दुसऱ्या घरानं अजून होकार दिलेला नाही, त्यामुळं वरचा अर्धा तुकडा तसाच आहे, आणि तिथपर्यंतचा दर जुनाच चालू आहे.